थोरल्या साहेबांची जागा

सर थिओफिलस ब्रँडर गेले ते मंगळवारी दुपारी साडेतीनला, खुर्चीत बसल्या बसल्या, पायांवर चौकड्यांची शाल, समोरचा चहा तसाच ठेवून. त्यांचा चिटणीस हंफ्री पॅस्को यानं डॉक्टर बोलावला, पडदे ओढले, लेडी ब्रँडरना निरोप धाडला आणि आपल्या खोलीत येऊन वसाहतीच्या राजधानीला, पोर्ट एलरीला, पाठवायची तार लिहिली. ‘एजंट-जनरलांचं आज कचेरीत निधन. पुढील हुकूम?’ एवढीच. त्याला रडू वगैरे काही आलं नाही. खरं सांगायचं तर त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता तरी!

चौदा वर्षं! व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या या कचेरीत चौदा वर्षांत तीन एजंट-जनरल, म्हणजे वसाहतीच्या सरकारचे इकडचे वकील, आले. पहिला शिकारीत रमला, दुसरा मेजवान्यांत, आणि तिसरे हे सर थिओफिलस, मनानं भले, पण तिकडच्या राजकारणात नकोसे झाले म्हणून हार घालून इकडे धाडलेले. वसाहतीचं लंडनमधलं सगळं काम पॅस्कोनं उपसायचं. रेल्वेचे रूळ त्यानं मागवायचे, मंत्र्यांना अर्ज त्यानं लिहायचे, जहाजं भरून माणसं त्यानं पाठवायची, आणि खाली सही साहेबांनी ठोकायची. एवढं करून मंत्र्याच्या दारात गेलं की दरवान विचारणार, "आपण कुणाकडून आलात?"

"तुम्ही नसता ना, तर त्या कचेरीत कुणी दौतीत शाईसुद्धा भरली नसती," हॅरिएट म्हणायची. "आणि दारावरच्या पाटीवर नाव कुणाचं? मी म्हणते, माणसानं मऊ असावं, पण इतकं?"

हॅरिएट वाईट नव्हती. नवऱ्याचं हसं झालेलं तिला बघवत नसे, एवढंच.

तिसऱ्या दिवशी तिकडचे प्रधान गिलफॉइल यांची तार आली. ‘दुःख. पॅस्कोनं कारभार पाहावा. कॅलिस्टा जहाज अठ्ठावीस मार्चला पूर्ण भरून सुटलं तर नेमणूक त्याचीच.’ साहेबांच्या वाट्याला एक शब्द आला होता. बाकी सगळी तार जहाजाबद्दल होती.

कॅलिस्टावर जागा तीनशे चाळीस, आणि नावं आली होती एकशे बारा. ही सगळी माणसं मिरियम तळ्याकाठी वसवायची होती. अकरा मैल लांब तळं, काठाला काळी जमीन, जो येईल त्याला सरकार जमीन तोडून देणार. तशी सुरेख पुस्तिकाच छापलेली होती, आणि ती लिहिली होती पॅस्कोनं. तळ्याचं रंगीत चित्र बाहेरच्या खोलीत शेकोटीवर टांगलं होतं. निळंशार पाणी, वर बगळे.

आता जी गोष्ट लंडनमध्ये फक्त दोघांना ठाऊक होती आणि ज्यातला एक मेला होता, ती अशी. जानेवारीच्या टपालानं वसाहतीच्या भूमापकाचा अहवाल आला होता. तेरा वर्षांत मिरियम तळ्यात पाणी दोनदाच साचलं होतं. चित्रकार गेला तेव्हा नेमकं दुसऱ्यांदा. एरवी तिथं मिठाचा पांढरा पापुद्रा, आणि विहीर कुठंही खणा, पाणी खारट. गेल्या उन्हाळ्यात तिथं राहायला गेलेल्या चार कुटुंबांतली सात मुलं दगावली होती. सर थिओफिलसनी तो अहवाल सोमवारी वाचला आणि पॅस्कोला बोलावलं.

"पॅस्को, ही पुस्तिका मागं घ्या."

"प्रधानांना विचारावं लागेल, साहेब."

"विचारा. पण उद्यापासून जे कुणी येतील त्यांना मी स्वतः सांगणार आहे."

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. पहिलं कुटुंब चार वाजता यायचं होतं.

पॅस्कोनं अहवाल खालच्या खणात, जुन्या नकाशांखाली ठेवला. जाळला नाही. कागद जाळणाऱ्यातला तो नव्हता. ‘नेमणूक होऊ दे,’ त्यानं स्वतःला बजावलं, ‘एकदा खुर्चीत बसलो की बघू.’

कचेरीची रीत अशी होती, की कुटुंबानं आधी बाहेरच्या खोलीत शेकोटीपाशी बसायचं, मग एकेकानं आत जायचं, साहेबांशी हात मिळवायचा आणि सही केलेला प्रवासाचा परवाना घेऊन निघायचं. साहेबांची प्रेतयात्रा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉर्सेटचा एक शेतमजूर आला. जेबेझ लव्हरिज, त्याची बायको आणि चार पोरं. पॅस्कोनं हसून हात पुढं केला. लव्हरिजनं टोपी काढली, पण हात काही दिला नाही.

"साहेब, आमचं जाणं काय जमत न्हाई बघा."

"का हो? परवा तर उड्या मारत होतात!"

"परवाची गोष्ट येगळी. त्या तळ्यात पानी न्हाई म्हनं."

पॅस्कोच्या कानशिलात रक्त उसळलं. "कोण म्हणतं?"

"ते काय, भायेर शेकोटीपाशी बसलेत ते म्हातारे साहेब. लई जीव तोडून सांगत होते हो. पोरांची नावं विचारली एकेकाची."

"कसे दिसतात?"

"जाडजूड, पांढऱ्या मिशा," लव्हरिजची बायको म्हणाली. "पायांवर चौकड्यांची शाल. बडीशेपेच्या गोळ्या चघळत होते. चांगला माणूस वाटला हो."

पॅस्को ताडकन उठून बाहेर गेला. शेकोटी पेटलेली होती, खुर्ची रिकामी होती. दारावरचा शिपाई क्लेग पायऱ्यांवर उभा होता.

"मघापासून आत कोण आलं?"

"हे सहा जण, साहेब. दुसरं चिटपाखरू नाही."

पॅस्को काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याच रस्त्यावर आणखी पाच वसाहतींच्या कचेऱ्या होत्या, आणि माणसं पळवण्यात कुणी कुणाला हार जात नसे. समोरच्यांनी एखादा म्हातारा नट पैसे देऊन मिशा लावून बसवला असणार! एवढा हलकटपणा करायला त्यांना काय लागतंय? त्यानं क्लेगची चांगली खरडपट्टी काढली आणि मागच्या दाराला कुलूप ठोकलं.

त्या आठवड्यात नऊ कुटुंबं परत गेली. सगळ्यांचं म्हणणं तेच. पाणी नाही, विहिरी खारट. एक लोहार तर म्हणाला, "सात पोरं गेली म्हणे तिथं." ‘सात’ ऐकल्यावर पॅस्कोनं खिसा चाचपला. सात हा आकडा खालच्या खणात होता, आणि खणाची किल्ली त्याच्या खिशात.

शुक्रवारी सकाळी अकराला त्यानं आपल्या खोलीचं दार बोटभर उघडं ठेवलं आणि फटीला डोळा लावला. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. नॉरफकचं एक कुटुंब बाकावर बसलं होतं, नवरा, बायको आणि पाचेक वर्षांची मुलगी. शेकोटीजवळची खुर्ची रिकामी होती. अगदी रिकामी. तिच्या पाठीची नक्षीसुद्धा त्याला दिसत होती.

तिघंही त्या खुर्चीकडं वळून बसले होते.

"आणि विहीर खणली तर?" बाईनं विचारलं. मग ती थांबली. एखादं उत्तर ऐकायला लागेल इतका वेळ थांबली. "अगंबाई! गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत?"

नवरा मान हलवत होता. शेकोटीत कोळसा खाली बसल्याचा आवाज आला. दुसरा आवाज नव्हता.

"सांग की गं नाव," बाईनं मुलीला ढोसलं. "विचारतायत ना ते?"

"एफी," मुलगी लाजून म्हणाली.

मग ती उठली, खुर्चीपाशी गेली आणि तिनं हात पुढं केला. तिचा हात वर-खाली झाला, दोनदा. तिची इवली बोटं एकमेकांवर दाबली गेली होती, मोठ्या माणसानं मुठीत धरल्यावर दाबली जातात तशी.

पॅस्कोनं दार लावून घेतलं.

माणसानं अशा वेळी काय करावं? देवाचं नाव घ्यावं, खण उघडावा, अहवाल काढावा. पॅस्कोनं सुतार बोलावला. बाहेरच्या खोलीला फळ्या मारून घेतल्या आणि मुलाखती तळमजल्यावर हलवल्या. तिथं रस्त्याकडच्या मोठ्या काचेमागं गव्हाच्या पेंढ्या, लोकरीचे गठ्ठे आणि पेंढा भरलेला एक करकोचा मांडून ठेवला होता. तिथं शेकोटी नव्हती आणि खुर्ची एकच होती, पॅस्कोची. लोकांनी उभ्या उभ्या परवाना घ्यायचा आणि चालू लागायचं.

तिथं कुणाला कुणी भेटलं नाही. तीन आठवड्यांत जहाज भरलं.

"बघा, म्हणत नव्हते मी?" हॅरिएट हरखून गेली होती. "तुम्ही मनावर घेतलं की काय बिशाद आहे काम न होण्याची! किती मुलं आहेत हो जहाजावर?"

"एकशे सहा."

"बिचारी. सुटली एकदाची या धुरातून. तळ्यावर काय खेळतील नाही?"

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. सत्तावीस तारखेला तो तारघरात गेला. ‘कॅलिस्टा थांबवा’, दोनच शब्द लिहिले. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "खाली सही कुणाची? आपण कोण?" तोच प्रश्न. पॅस्कोनं कागदाचा बोळा करून खिशात घातला आणि बाहेर पडला. अठ्ठावीसला जहाज प्लिमथहून सुटलं. एकोणतीसला तार आली. ‘नेमणूक पक्की. अभिनंदन. गिलफॉइल.’

सोमवारी पॅस्को थोरल्या साहेबांच्या खुर्चीत बसला. खुर्ची त्याला जरा मोठी होत होती. दारावर नवी पाटी लागली होती, आणि ती त्यानं जाता-येता दोनदा वाचली होती. नवा कोट शिवला होता, मिशा कोरल्या होत्या. पहिलं काम म्हणून अहवाल काढायचा, केपटाउनला तार करून जहाज तिथं अडवायचं, असं त्यानं सकाळी दाढी करताना ठरवलं होतं. आता वाटत होतं, पहिल्याच दिवशी कशाला? गिलफॉइल काय म्हणतील? आठवडाभरानं बघू.

क्लेग टपाल घेऊन आला. टेबलावर ठेवलं, टाचा जुळवून सलाम ठोकला आणि म्हणाला, "आज गार आहे, साहेब. शाल आणू का?"

"शाल? कसली शाल?"

क्लेग मान तुकवून निघून गेला.

अकरा वाजता दारावर टकटक झाली आणि हॅरिएट आत आली. नवी टोपी, हातात पिवळ्या फुलांचा गुच्छ. आयुष्यभर या क्षणाची वाट पाहिली होती बिचारीनं. पॅस्को उठू लागला.

ती दारातच थबकली आणि गुडघा वाकवून तिनं नमस्कार केला.

"माफ करा हं, साहेब. मला वाटलं हे असतील. खोकला कसा आहे आता तुमचा?"

"हॅरिएट, ही काय थट्टा?"

"बरं वाटलं ऐकून." ती समोर बसली आणि गुच्छ मांडीवर ठेवला. तिची नजर थेट त्याच्या तोंडावर होती. त्यानं आपले हात पाहिले. हात त्याचेच होते, अंगठी त्याचीच होती.

"अगं, मी आहे! इकडं बघ ना!"

ती बघतच होती. ती ऐकतही होती, पण तो बोलत होता ते नव्हे. तिचं हसू हळूहळू उतरलं.

"पाणी नाही?" ती म्हणाली.

थोडं थांबून म्हणाली, "सात?"

"हॅरिएट, ऐक माझं. मी तार करणार होतो. देवाशप्पथ करणार होतो!"

"एकशे सहा आहेत हो त्या जहाजावर," ती पुटपुटली. तिचे ओठ पांढरे पडले होते. गुच्छ खाली घरंगळला, तो तिनं उचलला नाही. ती पुढं वाकली. चोवीस वर्षं ज्या डोळ्यांनी तिनं त्याला पाहिलं होतं, त्याच डोळ्यांनी तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"एकच सांगा, साहेब. ह्यांना हे ठाऊक होतं?"

"नाही!" पॅस्को किंचाळला. "नाही, हॅरिएट! नाही!"

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सावकाश मान हलवली.

"खरं सांगितलंत, उपकार झाले," ती म्हणाली, आणि उठून हातमोज्याची बटणं लावू लागली.