कालव्याच्या रस्त्यावरची जोडी

घड्याळ न्या की. गजर लावलाय चारचा. काटा जरा पुढं पळतो, तेवढं समजून घ्या. आनि बसा घटकाभर, जेवनं झाली न्हवं? भरतीला तिघं निघालाय, लई चांगलं झालं. पन पळनार कुटं?

कालव्याच्या रस्त्यानं. वाटलंच मला.

रस्ता झकास हाय, न्हाय कोन म्हनतंय? मऊ माती, चढ न्हाय का उतार न्हाय. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला पानी. फाट्यापतूर तीन मैल, येऊन-जाऊन सहा. मी तीस वर्सं त्याच रस्त्यानं टपालाची सायकल दामटली. पळा खुशाल. पन जोडीनं पळनार असाल तर एक ऐकून जा. मधी बोलायचं न्हाय. हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या.

चार वर्सं झाली. पलीकडच्या वाडीतला कुंडलिक, बजाबाईचा पोरगा. आनि त्याच्या शेजारचा रावजी, सारजाबाईचा एकुलता एक. दुष्काळात दोघांनी खडी फोडली, हाताला घट्टे पडल्याले. भरती हीच एक वाट दिसत व्हती दोघांना. रावजी पळायला निस्ता वारा. कुंडलिक आपला मधला. तरी रावजी रोज मागंच पळायचा, डाव्या अंगाला, दोन पावलं सोडून. पुढच्याला वाटावं, कोनतरी आपल्याला रेटतंय. मागं वळून बघायचं न्हाय, दम तुटतो, असं दोघांचं ठरल्यालं. घड्याळ कुटलं त्यांच्याकडं? श्रीपूरच्या कारखान्याचा चारचा भोंगा झाला की निघायचं.

भोगीचा दिवस व्हता. रावजी म्हनला, "आज नगं, कुंडलिक. अंगात ताप हाय." कुंडलिकनं ऐकलं न्हाय. "एकट्याचं पाय उचलत न्हाईत माजं. चल की." निघाला बिचारा रावजी. परतीला, कालव्याच्या दोन नंबरच्या गेटापाशी, मागनं रावजीचा आवाज आला. "तू हो पुढं. तोंड धुतो, आलोच."

कुंडलिक थांबला न्हाय. वळलाबी न्हाय.

घरी येऊन आंघोळ केली. तीळ लावल्याली भाकरी खाल्ली. ऊन वर आलं तवा सारजाबाई दारात आली, "रावजी कुटं राह्यला रं?"

गेटाच्या जाळीत घावला. कमरेएवढ्या पान्यात.

कुंडलिक रडला न्हाय. मातीला गेला, आला. दुसऱ्या दिवशी भोंग्याला उठला आनि पळाला. तिसऱ्या दिवशीबी. वाडी तोंडावर बोलायला लागली. मी इचारलं एकदा, तर म्हनला, "आप्पा, काय वाटतच न्हाय वो. भाकरीला चव लागत न्हाय. पायात काटा मोडला, ते रगत बघून कळलं." मला राग आला व्हता त्याचा. आता येत न्हाय.

अकरा फेब्रुवारी, सोमवार, साल चौऱ्याहत्तर. सोलापुरात भरती. फाट्यावरनं पाचची एस.टी., टेंभुर्णीवरनं जानारी. ती चुकली तर दुसरी येळेत पोचत न्हाय, म्हंजे नोकरी गेलीच म्हना. बजाबाईनं पिशवीत भाकरी बांधली, शाळेचा दाखला घातला, पोराच्या कपाळाला अंगारा लावला. भोंगा झाला आनि कुंडलिक निघाला, पळतच.

चांदनं व्हतं. चंद्र पश्चिमेला कलल्याला. उसाचं पान हलत न्हवतं.

एक मैल गेला.

मागं पावलं.

डाव्या अंगाला. दोन पावलं सोडून. अनवानी.

भ्यालो न्हाय, म्हनला. भ्यायला आत काय तरी जागं असावं लागतं. ह्यानं जोर लावला, मागच्यानं लावला. ह्यानं हळू केलं, मागच्यानं केलं. मागं श्वास... घरघरीचा. तापातला.

दोन नंबरचं गेट आलं.

पावलं थांबली.

...

कुंडलिक धा पावलं पुढं गेला. गाडीला येळ व्हता. तसाच पळाला असता तर मिळाली असती.

थांबला.

वळला.

रस्ता मोकळा...

"रावजी."

...

गेटाच्या दगडावर जाऊन बसला. पिशवी मांडीवर घेतली. म्हनला, "भोगीला बसायला पायजे व्हतं मी. आज बसतो. तू जा भरतीला."

एवढंच बोलला. लई येळानं फाट्याकडनं एस.टी.चा आवाज आला. थांबली. कोन चढलं का उतरलं, तितनं दिसत न्हाय. मग गेली.

मी त्याला तितंच बघितला. सकाळी धा वाजता, टपाल घेऊन जाताना. मांडीवर पिशवी, पिशवीत दाखला. मी माझ्या हातानं काढून बघितला की. धरून घरी आनला. वाटंत त्यानं सांगितलं, तेच तुमाला सांगतोय. बजाबाईनं तोंडात पदर कोंबला, पोराला एका शब्दानं बोलली न्हाय.

पुढं मार्च उजाडला. माझ्या थैलीत एक सरकारी लखोटा आला, कुंडलिकच्या नावाचा. तो हातात घेईना. मग मीच फोडला, त्यांच्या अंगनात, उभ्या उभ्या.

निवड झाली व्हती. पळन्यात पयला.

मी परत वाचलं. बजाबाई म्हनली, "आप्पा, गरिबाची चेष्टा करू नगा." मी कशाला चेष्टा करू? खाली उंची, छाती, सगळं मोजून लिवल्यालं. शेवटच्या वळीत वळखीची खूण... डाव्या पोटरीवर भाजल्याचा जुना डाग.

कुंडलिकनं विजार गुडघ्यापतूर वर केली. दोन्ही पोटऱ्या बघितल्या मी. कसलाच डाग न्हाय.



सारजाबाई मागं येऊन उभी व्हती, कवा आली कळलं न्हाय. मला म्हनली, "कुटं लिवलंय ते?" मी वळीवर बोट ठिवलं. माझं बोट बाजूला करून तिनं आपलं ठिवलं.

"रांगत व्हता तवा," म्हनली. "चुलीतलं लाकूड लागलं."

मी कागद तिच्या हातात दिला.