दोन जेम्स फ्लेट

हे खरं घडलेलं आहे. रचून सांगायचं असतं तर मी त्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

गेल्या डिसेंबरातला गुरुवार. जागा आमचं पोर्टगॅरो, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं मासेमारांचं गाव. रात्र नव्हती. पण त्या महिन्यात आमच्याकडे दुपारी साडेतीनलाच दिवस मावळतो...

मी विल्मा फ्लेट. माहेर फ्लेट, सासरही फ्लेट. आमच्या गावात दगड भिरकावला तर तो फ्लेटलाच लागतो. त्यात थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत, म्हणजे नावंही तीच तीच. म्हणून प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव असतं. आम्ही डोसी. वरच्या गल्लीतले बोडी. कोणी नुसतं ‘जेम्स फ्लेट’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला.

कुठला?

एकदाच तो प्रश्न कोणी विचारला नाही.

माझ्या पणजोबांच्या काळात वादळात गावातली एक होडी बुडाली. त्याच वेळी दोन जेम्स फ्लेट नाहीसे झाले. एक माझे पणजोबा डोसी, दुसरा बोडी. दोघेही त्या होडीवर आलटून पालटून जायचे. पुढे एक प्रेत किनाऱ्याला लागलं. चेहरा उरला नव्हता. आणि स्टेशनमास्तर म्हणाला, जेम्स फ्लेट नावाचा माणूस वादळाच्या आदल्या दिवशी तिकीट काढून गेला, कॅनडाची बोट पकडायची म्हणत होता. स्टेशनमास्तर परगावचा. त्याला काय सुचणार विचारायचं?

आमचं घराणं मोठं, आवाज मोठा. ते प्रेत आम्ही आमचं म्हणून पुरलं. बोडीची बायको कोवळी पोर, कडेवर तान्हं मूल. ती ओरडून सांगत होती की माझा नवरा पळणारा नव्हता. तिचं कोण ऐकतो?

बोडी पळपुटा ठरला. आमचे पणजोबा समुद्राने नेलेले शूर.

बोडीची नात बेला. वय नव्वदीच्या पुढे, मुक्काम टेकडीवरच्या वृद्धाश्रमात. तिला शाळेत पोरं चिडवायची, “बेलाचा आजा, कॅनडात राजा.” गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? म्हातारी झाली तरी ते तिच्या कानातून गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी आम्ही बंदरावर त्या होडीतल्या माणसांच्या नावांचा दगड बसवायचं ठरवलं. समितीची प्रमुख मी. बेलामावशीने मला बोलावून घेतलं.

“विल्मा, पोरी, माझ्या आजोबाचं नाव घाल,” ती म्हणाली. “आजी मरेपर्यंत सांगत होती गं. मी जायच्या आत एकदा वाचू दे.”

मी म्हटलं, बघू. आणि दगडावर ‘जेम्स फ्लेट, डोसी’ कोरायला सांगितलं.

दगडाचं अनावरण शनिवारी होतं.

आणि गुरुवारी दुपारी कॅनडातून एक गृहस्थ माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. आपल्या घराण्याचं मूळ शोधत आले होते. पणजोबा जेम्स फ्लेट, याच गावचे. टोपणनाव त्यांनी कधी कुणाला सांगितलंच नाही म्हणे.

मी चहा ओतत त्यांना त्यांचं नाव विचारलं.

“गिल्बर्ट,” ते हसले. “आमच्यात एक पिढी जेम्स, एक पिढी गिल्बर्ट. पणजोबांनी तिकडे पहिल्या मुलाला स्वतःच्या वडिलांचं नाव दिलं, तेव्हापासून.”

माझ्या हातातली किटली तशीच राहिली.

माझ्या भावाचं नाव गिल्बर्ट. डोसी घराण्यात एक पिढी जेम्स, एक पिढी गिल्बर्ट. बोडीच्या बापाचं नाव अ‍ॅलन होतं. त्या घरात गिल्बर्ट कधी जन्मलाच नाही.

पळाले ते माझे पणजोबा. बायको सोडली, लेकरू सोडलं... पण रीत नाही सोडली.

म्हणजे आमच्या कबरीत बोडी होता.

शनिवारी सगळं गाव जमणार होतं. भाषण मी करणार होते, माझ्या शूर पणजोबांवर. मी बशीत बटरी, म्हणजे आमच्याकडचा लोणीदार पाव, वाढली आणि म्हणाले, “म्हणजे तुम्ही बोडी.”

इतक्या सहज म्हणाले, की माझी मलाच आता किळस येते.

गिल्बर्ट खूश झाले. त्यांनी विचारलं, बोडींपैकी कोणी आहे का गावात? मी बेलामावशीचं नाव सांगितलं. वृद्धाश्रमाचा रस्ता मीच दाखवला. तिच्यासाठी चार बटरी बांधूनसुद्धा दिल्या.

ते गेले. बाहेर अंधारून आलं.

मग सीगल गप्प झाले...

बंदरावर ते गप्प कधीच नसतात. होडीचा दोर कुरकुरला नाही. लाटेचाही आवाज येईना.

दार उघडल्याचं ऐकू आलं. आमच्याकडे कोणी दार वाजवत नाही, सरळ आत येतात. म्हणून मी उठले नाही.

जड बुटांची पावलं आली... आणि स्वयंपाकघराच्या दाराअलीकडे, बोळात थांबली.

टप... टप... पाणी गळत होतं. बाहेर पाऊस नव्हता.

“कोण?” मी विचारलं.

“जेम्स फ्लेट.”

तरुण आवाज. सर्दी झाल्यासारखा जड.

“कुठला?” सवयीने माझ्या तोंडून गेलं.

उत्तर आलं नाही...

मग मला कळलं. ते त्याने सांगायचं नव्हतं, मी सांगायचं होतं.

एकच शब्द होता. माझी पाचावर धारण बसली होती, हे खरं. पण त्याहून खरं हे, की त्याही क्षणी माझ्या मनात शनिवार होता. एकदा बोलले असते, तर ते परत घेता आलं नसतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

मग पावलं वळली.

मी बाहेर जाऊन पाहिलं, तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं. ओले ठसे मात्र होते. ते समुद्राकडे गेले नव्हते... टेकडीकडे चढले होते.

मी त्यांच्या मागे गेले नाही.

सकाळी वृद्धाश्रमातून रोनाचा फोन आला. रोना तिथली परिचारिका. बेलामावशी रात्री झोपेतच गेली.

मी धावत गेले. रोना पलंगाची चादर काढत होती. म्हणाली, कॅनडाचे पाहुणे आले होते, त्यांनी मावशीला फोटो दाखवले. जेम्स फ्लेटचं तिकडचं मोठं घर, बायको, मुलं. मावशी सगळे फोटो बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, “म्हणजे आजी खोटं बोलत होती.”



“मग तो दुसरा आला,” रोना म्हणाली.

“कोण दुसरा?”

“पंचविशीचा असेल. नखशिखांत भिजलेला. लादीचं तळं केलंन, मी ओरडले त्याला. नाव विचारलं तर जेम्स फ्लेट म्हणाला. मला वाटलं, त्या पाहुण्यांचाच मुलगा.”

“मावशीने... ओळखलं त्याला?”

“बघत राहिली त्याच्याकडे. मग म्हणाली, ‘आता कशाला आलास?’ आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.”

“तो काय म्हणाला?”

“नुसता टोपी हातात धरून उभा राहिला, ओरडा खाल्लेल्या पोरासारखा. मी टॉवेल आणायला गेले, परत आले तर नव्हता.”

पलंगाशेजारची लादी वाळली होती. तिच्यावर मिठाचा पांढरा थर होता.

शनिवारी मी सगळ्या गावासमोर खरं सांगितलं. गिल्बर्टनाही हात जोडून सांगितलं. दगडावर आता बोडीचं नाव आहे. लोक म्हणतात, विल्माने मोठं धाडस केलं. मी खाली मान घालून ऐकून घेते. बोळातल्या माणसाबद्दल मी कुणाशी बोललेले नाही.

ज्या एका बाईला सांगायला हवं होतं, तिला अजून सांगायचं राहिलंय. रोज दिवस मावळायच्या आत मी निघते. बेलामावशीच्या कबरीपाशी जाऊन म्हणावं, तो पळाला नव्हता गं, मी खोटं बोलले. एवढंच म्हणायचं असतं.

पण दफनभूमीच्या फाटकाशी पोचते, तर तिच्या कबरीपाशी कोणीतरी आधीच उभं असतं... टोपी हातात धरून, तिने आपल्याकडे तोंड वळवायची वाट बघत.

माझं पाऊल आत पडत नाही. मी तशीच घरी येते.