बारा वाजून दहा मिनिटांची हाक

या, जरा जवळ सरकून बसा. पंखा माझ्याकडे नको, तुमच्याकडेच राहू द्या. एक गोष्ट सांगतो.

ही खरी आहे. माझ्या हातून घडलेली आहे, म्हणून खरी आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र शोधतात. ही रात्रीची नाही. ही भर दुपारची आहे... चंद्रपूरच्या मे महिन्यातली, जेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

२० मे २०२४. सोमवार. ऊर्जानगरच्या रस्त्यावरचं आमचं ऑफिस.

मी प्रफुल. एका लहानशा सेवाभावी ट्रस्टमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. गडचिरोलीकडच्या जंगलात ट्रस्टची पाच आरोग्य केंद्रं आहेत. तिथून मेल आला, की आमची जीप निघते. जीपमध्ये डॉक्टर, आणि बर्फाच्या पेटीत रक्ताच्या पिशव्या. ते मेल आमच्याच सर्व्हरवर येतात. सर्व्हर म्हणजे दुसरं काही नाही, ऑफिसची टपालखोली समजा. फक्त तिला चाळीस दारं आहेत. एका वेळी चाळीसच जण आत येऊ शकतात.

एप्रिलपासून त्या दारांवर गर्दी सुरू झाली होती. माणसांची नाही... यंत्रांची. कुठल्या कुठल्या देशांतून हजारो यंत्रं येऊन दार वाजवायची, लॉटरीची, औषधांची खोटी पत्रं टाकायची. चाळीसही दारं अडून राहायची. खरा मेल बाहेर ताटकळायचा.

आमचे सचिव नानाजी चिडले होते.

"काय रे प्रफुल्या, हा आपला सर्वर आहे का आठवडी बाजार? ज्यानं यावं त्यानं पाल ठोकावं!"

"नानाजी, करून राह्यलो ना बंदोबस्त."

"कोनता बंदोबस्त? मले समजंल असा सांग."

मी आईचा बंदोबस्त सांगितला.

आमचं गाव सिंदेवाहीजवळ, रानाला लागून. आई लहानपणी बजावायची, "दुपारची, रानात कोनी हाक मारली तं पह्यल्या हाकेले ओ देऊ नोको. ते एकदाच हाक मारते. मानूस असंल तं पुन्हा मारंल."

मी सर्व्हरला तेच शिकवलं. अनोळखी कोणी पहिल्यांदा दार वाजवलं, तर सांगायचं, थोड्या वेळाने या. खरा मेल पुन्हा येतो. खोटं यंत्र सहसा पुन्हा येत नाही.

नानाजी मांडीवर थाप मारून हसले. "म्हंजे तुह्या मायनं सर्वर बनवला म्हन ना!"

गर्दी निम्म्याने उतरली. पण काही यंत्रं चिवट होती. मिनिटाला वीस-वीस वेळा दार वाजवायची. त्यांच्यासाठी मी दुसरा नियम केला. फार वाजवणाऱ्याचा इंटरनेटवरचा नंबर हाताने यादीत टाकायचा, आणि त्याच्यासाठी दार कायमचं बंद.

आणि बंद करताना त्याला काही सांगायचं नाही.

"दार बंद आहे" असंही नाही. आत कोणी राहतं, हेच त्याला कळू नये. त्याने बाहेर वाजवत बसावं, आणि आत शांतता.

हे मला फार हुशारीचं वाटलं होतं...

यादीतल्या कोणी पुन्हा दार वाजवलं तर मला कळावं, म्हणून एक आवाज लावला होता. मी कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरतो. माझ्याच टाळाचा एक ठोका मोबाईलवर टिपला आणि कॉम्प्युटरला जोडला. बंद दारावर कोणी आलं, की टाळ वाजायचा.

त्या सोमवारी वॉर्डातल्या हनुमान मंदिरात सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. दहा वाजता काल्याचं कीर्तन. बुवा लांबून आले होते. मी नऊला ऑफिसात आलो, ते घड्याळाकडे बघतच.

स्क्रीनवर एक नंबर दिसला. सकाळी आठ पस्तीसपासून दार वाजवत होता. यायचा... अर्धवट बोलायचा... तुटायचा... पुन्हा यायचा.

दोनशे बारा वेळा.

यंत्रच असं करतं. माणूस असं करत नाही. हे माझ्या मनाने ठरवून टाकलं.

नंबर कोणाचा आहे हे बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी बघितलं नाही.

नऊ वाजून वीस मिनिटांनी तो नंबर यादीत टाकला, टाळाची पिशवी खांद्याला लावली आणि निघालो. बाहेर कडुलिंबाखाली आमची जीप उभी होती. चालक मिथुनदा मागच्या सीटवर पाय पसरून पडला होता. म्हणाला, "आज काही काम नाही दादा. माझ्या वाट्याचा काला आणा."

कीर्तन काय रंगलं म्हणून सांगू! बुवा म्हणाले, "हाक आली की माणूस आधी विचारतो, कोण आहे? देव आधी उठतो... मग विचारतो."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. टाळ असा लागला होता, की बुवांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातावर काला पडला. वेळ एवढी पक्की आठवते, कारण तेव्हाच मंदिरातला लाउडस्पीकर अचानक बंद पडला. मृदंग थांबला होता. लोकही क्षणभर गप्प झाले.

आणि मला वाटलं, कोणीतरी टाळाचा एक ठोका दिला...

माझे टाळ पिशवीत होते.

ऑफिसात परतलो, तर नानाजी दारातच.

"अरे, तुह्या कॉम्प्युटरमंदी सकाळपासून भजन चालू होतं. टिंग टिंग, टिंग टिंग. डोकं उठलं माझं. मी आवाजच बारीक करून टाकला."

संध्याकाळी मुलचेऱ्याहून फोन आला. तिथून आत जंगलात आमचं एक केंद्र आहे. तिथल्या नर्स वच्छलाबाई बोलत होत्या. रोशनी नावाची एकोणीस वर्षांची पोर... बाळंत झाली. मुलगी झाली. रक्त थांबलं नाही.

रोशनी गेली.

"सकाळी साडेआठपासून मेल पाठवून राह्यली होती, प्रफुलभाऊ. गाडी काऊन नाई आली?"

मी फोन धरूनच स्क्रीनसमोर बसलो. नंबर शोधला. अर्धं मिनिट लागलं.

तो वच्छलाबाईंच्या केंद्राचा होता.

त्या गावात फोनला टॉवर नाही. छपरावर डिशची एक छत्री आहे, आणि खोलीत इंटरनेटचा एक डबा. ढग आला, वारा आला, की लाइन तुटते. तुटली की डबा पुन्हा प्रयत्न करतो. ते दोनशे बारा वेळा आलेलं यंत्र म्हणजे तो डबा. दर वेळी अर्धवट तुटणारं ते बोलणं म्हणजे... गाडी पाठवा.

साडेनऊला जीप निघाली असती, तरी बारापर्यंत पोचली असती.

वच्छलाबाई फोनवर थांबल्या होत्या. मी म्हणालो,

"तुमची छत्रीच बंद असंल बाई. आमच्याकडे काहीच आलं नाही."

असं बोललो मी. कपाळावरचा बुक्का अजून तसाच होता.

त्या रात्री मी तो नंबर यादीतून गुपचूप काढून टाकला.

आठवड्याने मिथुनदा तो डबा दुरुस्तीला घेऊन आला. माझ्या टेबलावर ठेवला. वायर डब्याभोवती गुंडाळलेली. मी हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मी एकटा होतो. बाहेर सेहेचाळीस डिग्री. कूलर घरघरत होता.

कूलर थांबला...

लाइट गेली नव्हती. ट्यूब चालू होती. फक्त कूलर थांबला. खिडकीतल्या कबुतरांचा आवाजही थांबला.

आणि टाळ वाजला.

एकच ठोका.

मी स्क्रीनकडे बघितलं. दारावर एक नंबर येऊन गेला होता. तोच नंबर. सर्व्हरने नियमाप्रमाणे सांगितलं होतं... थोड्या वेळाने या.

वेळ, बारा वाजून दहा मिनिटं.

डबा माझ्यासमोर टेबलावर पडला होता. वायर गुंडाळलेली.

मी इंटरनेटवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "त्या छत्रीची लाइन बंद आहे. नंबर कोणालाच दिलेला नाही." मग माझ्या लक्षात आलं, नंबर यादीतून काढल्यावर टाळ वाजायलाच नको होता.

दुसऱ्या दिवशी स्पीकरची वायर उपटून ठेवली.

बारा दहा. टाळ वाजला.

रोज एकदाच. दुसऱ्यांदा कधीच नाही. आईचे शब्द आठवायचे... ते एकदाच हाक मारते.

पण मग मनात यायचं, त्या दिवशी तर शेकडो हाका मारल्या होत्या रोशनीने. मी तेव्हा कुठे ओ दिली?

जून संपता संपता बातमी आली, की वच्छलाबाई नोकरी सोडतायत. गावात लोक म्हणत होते, बाई झोपून राहिली, म्हणून पोर गेली. नानाजी हळहळले. "चांगली बाई होती बिचारी. पन छत्री बंद आहे हे पाहाले नोको?"

मी मान खाली घातली.

त्या दुपारी मी पहिला नियम काढला. त्या एका नंबरसाठी पहिल्या हाकेला दार उघडायचं, असं सर्व्हरला सांगितलं, आणि समोर बसून राहिलो.

बारा दहा.

टाळ वाजला नाही...

दार उघडलं. सर्व्हरने आपला ठरलेला नमस्कार पाठवला. आता पलीकडच्याने नाव सांगायचं असतं.

पलीकडून काही नाही.

लाइन चालू. कोणीतरी आत येऊन उभं आहे, आणि बोलत नाही. एक मिनिट. दोन मिनिटं. कोणी बोललंच नाही, तर पाच मिनिटांनी दार आपोआप बंद होतं.

सहा मिनिटं झाली. सात झाली.

दार बंद होईना.

मी एकटाच त्या खोलीत मोठ्याने "ओ" म्हणालो. आवाज माझा वाटलाच नाही.

स्क्रीनवरची ओळ गेली. कूलर सुरू झाला.

आणि कोपऱ्यात खुंटीला टांगलेल्या पिशवीत, माझे खरे टाळ एकमेकांवर हळूच वाजले.

दुसऱ्याच दिवशी पहाटे मी मुलचेऱ्याची एसटी धरली. पुढे एकाच्या मोटारसायकलवर बसून केंद्रावर गेलो. वच्छलाबाई कपाट आवरत होत्या. बाजूला एक म्हातारी लहान बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. रोशनीची आई. पोरीच्या वजनासाठी आली होती.

मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. यादी, कीर्तन, फोनवरचं खोटं. काही ठेवलं नाही.

वच्छलाबाईंनी हातातलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या,

"रोशनीचा नवरा सुनिल मोटारसायकलले किक मारून उभा होता, प्रफुलभाऊ. मुलचेऱ्याले जाऊन फोन करतो म्हने. मीच म्हटलं, थांब, स्क्रीनवर 'पाठवत आहे' दिसून राह्यलं. आता जाईल, आता जाईल. एकदा जरी 'नाई' म्हटलं असतं नं तुमच्या मशीननं..."

बाईंनी कपाटाचं दार लावलं.

"दहा कमी बाराले बॅटरी संपली. डब्बा बंद पडला. म्या वायर काढून टाकली. रोशनीले शुद्ध होती तवा. माहा हात धरून म्हने, बाई, पुन्हा एकदा पाठवून पाह्य नं. म्या खोटंच म्हटलं, पाठवला."

"कधी गेली ती?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"बारा वाजून दहा मिनिटं झाले होते."

बाळाने झोपेत मूठ उघडली आणि मिटली.

मी वच्छलाबाईंच्या पायांना हात लावायला वाकलो. त्या मागे सरकल्या.

"पाया नोका पडू. दीड महिना मी झोपली नाई, भाऊ. आता तुम्ही नोका झोपू."

तिथून मी गावच्या चौकात गेलो. सुनिलसमोर, चार माणसांसमोर तेच पुन्हा सांगितलं. सुनिल ऐकून उठून गेला. त्याने मारलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. नानाजींनी माझ्याकडून हे सगळं लिहून घेतलं. सर्व्हर आजही माझ्याच हाती आहे, का ते मला कळत नाही. वच्छलाबाई नोकरीवर राहिल्या. माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आता कोणतंही दार गुपचूप बंद होत नाही. ज्याला आत घेत नाही, त्याला तसं सांगतो. नंबर कोणाचा, हे आधी बघतो.

वाटलं होतं, खरं सांगून टाकल्यावर ते थांबेल.

थांबलं नाही...

आजही बारा दहाला चाळीसातलं एक दार उघडतं. कोणी आत येऊन उभं राहतं. बोलत नाही. कितीही गर्दी असो, ते एक दार मी मोकळं ठेवतो, आणि दुपारी कुठेही असलो तरी त्या वेळी हातातलं काम टाकून "ओ" म्हणतो. कीर्तनात असलो तर टाळ खाली ठेवतो. बुवा विचारतात, ताल का सोडला? मी सांगत नाही.

तिला काय सांगायचं आहे, की काय ऐकायचं आहे, मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही इतका वेळ ऐकलंत, तर एवढं करा. उद्या दुपारी बाराच्या पुढे घड्याळाकडे लक्ष गेलं, तर एकदा तिचं नाव घ्या.

रोशनी. एकोणीस वर्षांची होती. तिची मुलगी आता चालायला लागली आहे.