चमकती पट्टी कुठून आणली?

नौशादचं पत्र मार्चमध्ये आलं होतं आणि दिवाळीची सुट्टी लागली तरी रुपालीने त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र भूगोलाच्या वहीत होतं. शिरूरला मामाकडे असतो, पायात अजून सळई आहे, जिना चढता येत नाही, असं सगळं सांगून शेवटी त्याने विचारलं होतं, "आपल्या अंतराळवीरांच्या सूटला लावलेली चमकती पट्टी तू कुठून आणली होतीस? इथं उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं तसलीच दिसते."

उत्तर तिला ठाऊक होतं. म्हणून तर वही मिटलेली राहिली.

गेल्या विज्ञानदिनासाठी रुपाली, नौशाद आणि वरवंडच्या बाकीच्या पोरांनी ते सूट केले होते. खताच्या गोण्यांना चंदेरी रंग, ठिबकच्या नळीची प्राणवायूची नळी, पाठीवर मोडका फवारणी पंप. नौशाद स्वतःच्या हेल्मेटसाठी पाण्याचा रिकामा जार आणायला सायकलवरून गेला आणि तिन्हीसांजेला परतताना रस्त्याकडेला उभ्या केलेल्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉली रुपालीच्या भिमाकाकांची. पोरगं खाली मान घालून सायकल हाणत होतं, असं काका म्हणाले. मग सगळं गावच तसं म्हणू लागलं. नौशादचा पाय मोडला, जारला मात्र एक ओरखडा, बस्स. तेव्हापासून रुपालीला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. दिवाळीचा फराळही ती नुसता चावत होती.

यंदा तिचा चुलतभाऊ स्वराज, भिमाकाकांचा धाकटा, किल्ल्याऐवजी अंगणात चंद्र बांधायला निघाला. चंद्रावर शिवाजी महाराजांचे मावळे उतरवायचे, असा त्याचा बेत. त्यासाठी काढलेल्या जुन्या सूटवरची पट्टी निघत आली होती म्हणून तो नौशादच्या बहिणीला, तहमीनाला, घेऊन भिमाकाकांच्या शेडमध्ये शिरला. रुपालीही मागून गेली. पाय वळले म्हणून गेली.

तिथल्या एका खोक्यात पट्टीचं अर्धं रीळ होतं, आणि तळाशी एक घडी घातलेला कागद. त्यावर ट्रॉलीच्या मागच्या बाजूचं चित्र होतं आणि पट्ट्या कुठे चिकटवायच्या, ते बाणांनी दाखवलेलं.

तहमीनाने कागद दोनदा पाहिला. "ही पट्टी ट्रॉलीची आहे?"

"हो," रुपाली म्हणाली. "गेल्या हंगामाआधी काकांना साखर कारखान्याकडून फुकट मिळाली होती. मी मागितली. घे, पडूनच हाय, म्हणाले."

तहमीनाने कागदाची पुन्हा घडी घातली. मग तहमीनाने एवढंच विचारलं, की ट्रॉली अजून तशीच, बिनपट्टीची आहे का. तशीच होती. आठवड्याभरात ऊसतोड सुरू होणार होती.

काकांना सरळ सांगून उपयोग नव्हता. ट्रॉली केवढी हाय, आंधळ्यालाबी दिसंल, असं ते हसून म्हणाले असते. तेव्हा पोरांनी ट्रॅक्टर चालवणाऱ्या पप्पूला गळ घातली. वेल्डिंगहून आणलेली ट्रॉली त्याने घराकडे न नेता शेतातल्या वाटेवर, बाभळीपाशी सोडली.

दिवेलागणीला काका मोटारसायकलवरून आले. रुपालीने त्यांना वाटेच्या तोंडाशी थांबवलं.

"काका, आमचं नाटक बघायचं. गाडीचा दिवा पुढं धरा आणि काय दिसतंय ते सांगा."

"आधी च्या तरी पिऊ द्या की," असं पुटपुटत काकांनी दिवा रोखला. दूर बांधावर दोन सूट लखलखले.

"दोन माणसं दिसत्यात. बुटका आपला सोराज."

"आणखी काही?"

"न्हाई. मोकळी वाट हाय."

"आता हळू पुढं चला."

काका गाडी हळूहळू पुढे नेऊ लागले. सूट जवळ आले, स्वराजचे दात दिसू लागले, आणि एकाएकी समोरच्या अंधारातून ट्रॉलीचं मातकट लोखंड उभं राहिलं. काकांनी करकचून ब्रेक दाबला. चाक आणि लोखंडात हातभर अंतर उरलं.

मग बांधावरून हेल्मेटच्या आत घुमणारा तहमीनाचा आवाज आला.

"भिमाकाका, माझ्या भावाच्या सायकलला एवढा दिवापण नव्हता."

काकांनी गाडी बंद केली. खाली उतरून त्यांनी ट्रॉलीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः ट्रॉली धुतली. अर्धं रीळ पुरलं नाही, तेव्हा यवतहून नवं आणलं. सूटवरची पट्टी उचकटून पुन्हा चिकटत नव्हती, ती पोरांकडेच राहिली. मग काका नौशादच्या वडिलांकडे, इनुसचाचांकडे, गेले आणि ओट्यावर चार माणसांदेखत म्हणाले, "तुमच्या पोराची चूक नव्हती. माझी होती."

इनुसचाचांनी रुपालीच्या डोक्यावर हात ठेवला. रुपालीच्या आज्जी सखूबाई म्हणाल्या, "पोरांनी थोरांचं डोळं उघडलं गं बाई." रुपालीने ऐकून घेतलं. ते सगळं दुसऱ्या कुणाबद्दल असावं, असं तिला वाटत होतं.

तिने ओरखडा पडलेला जार कापला, कडेला पट्टीचा तुकडा लावला आणि हेल्मेट पुरं केलं. तहमीना ते एसटीने शिरूरला नेणार होती. पत्रही दे, म्हणाली. रुपालीने दिलं नाही. ते तिला स्वतः टाकायचं होतं.

पत्रात चारच ओळी होत्या.

"पट्टी भिमाकाकांच्या शेडमधून आणली होती. ती ट्रॉलीची होती. मी मागितली होती, आणि त्यामुळेच ट्रॉली तुला दिसली नाही, हे तुझं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं. तुझी चूक नव्हती, हे आता सगळ्यांना माहीत आहे."

पोस्टाच्या पेटीपाशी ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिने पाकीट आत सोडलं. ते तळाशी पडल्याचा बारीक आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.