चार काड्यांचा चार

"चिमटे, आटप! बाई पाचला येतील!" मामा ओरडला.

"झालंच!" चिमटीने भिंग डोळ्याला लावलं.

सुट्टी लागल्यापासून तिघं भावंडं मामाच्या घड्याळांच्या दुकानात पडीक होती. चिमट्याने नाजूक काम करते म्हणून ती चिमटी, चष्मेवाला तो ढापण्या आणि अखंड बडबडणारा भोंगा! आजचं काम खास होतं. एका म्हाताऱ्या नर्सबाईंचा भाऊ वारला होता आणि त्याचं घड्याळही हरवलं होतं. उरला होता फक्त त्याचा, मनगटावर ते घड्याळ असलेला एक फोटो. त्यावरून मामा हुबेहूब तसंच घड्याळ जुळवत होता.

तबकडी ताडून बघायची ती चिमटीने. काटे जुळले. रोमन आकडे... एक, दोन, तीन. फोटोत चारवर बाहीची सावली पडली होती. चार तो चार, त्यात काय बघायचं! ती पुढे सरकली.

"सगळं जुळलं, मामा!"

मामाने घड्याळाचं झाकण बंद केलं. तेवढ्यात ढापण्या फोटोवर वाकला. "अगं, फोटोत चारला चार उभ्या काड्या आहेत! आपल्यात एकच काडी आणि पुढे पाचाचा आकडा!"

चिमटीने फोटो ओढून बघितला. "मामा, ते चारचं..."

"अरे, कोण बघतंय एवढं! चारला चारच वाजणार ना?"

आणि नर्सबाई आल्याच! घड्याळ हातात घेऊन त्या हसल्या, मग थबकल्या. "इथे चार काड्या होत्या ना? दादाने त्या मोजायला लावूनच मला घड्याळ शिकवलं."

"छे हो! फोटोशी ताडलंय. विचारा या पोरीला!"

सगळे चिमटीकडे बघायला लागले. तिने मान डोलावली.

"मग माझंच चुकलं," बाई हळूच म्हणाल्या. "हल्ली विसरायला होतं. आता दादालाही विसरायला लागले म्हणायची."

चिमटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने भोंग्याला कोपर मारलं. भोंग्याने ओळखलं आणि निघालेल्या बाईंना दारातच गाठलं. "आजी, पाणी घ्या! बसा ना! तुमच्या दवाखान्यात भुतं होती का हो?" इकडे ढापण्याने जुन्या तबकड्यांचा डबा उपडा केला. चिमटी भराभर चाळत सुटली. ही नाही, ही मोठी... सापडली! चार काड्या, मापही तेच!

ती बाईंसमोर उभी राहिली. "आजी, तुम्ही विसरला नाहीत. चार मी बघितलाच नव्हता. आणि मघाशी खोटी मान डोलावली."

मामाचे कान लाल झाले. "चूक माझीही आहे, बाई. पोरं सांगत होती, मीच उडवून लावलं." त्याने घड्याळ उघडलं.

तबकडी बदलली. या वेळी चिमटीने एकेक आकडा बोट ठेवून ताडला. बाईंनी काड्या मोजल्या, दोनदा.

"शाब्बास गं! शाब्बास रे पोरांनो!"

"मोठ्यांना धडा दिलात!" मामा म्हणाला. भोंगा तर नाचायलाच लागला!

चिमटीची नजर जमिनीवरच होती. "मला शाब्बास नको, आजी."

बाईंनी तिची हनुवटी वर केली. "बरं, मग एवढंच खरं सांग. मी दादाला विसरलेय का?"

चिमटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने जोरजोरात नकाराची मान हलवली.