राणीच्या तोंडाचा रंग

कंदील बारीक कर रे जरा. विझवू नको. बारीक कर. हं... बसा आता जवळ.

हे मी डोळ्यानं पाह्यलेलं नाई. पण ज्याच्यावर गुजरलं, तो माणूस पुलगावले माझ्या भिंतीपलीकडं राहे. भैय्याजी त्याचं नाव. गोष्टी रचणारा माणूस नव्हता. दिवसा दुकानाच्या पाट्या रंगवे, अन् कुठं नाटक असलं की नटायच्या तोंडाले रंग लावाले जाये.

अठ्ठावन साल. पौषातली अवस, रविवार. नाचणगावच्या पलीकडं एक गाव आहे. नाव नाई सांगत, त्या घरचे लोक अजून आहेत. तिथल्या प्राथमिक शाळेचं गॅदरिंग होतं. दुसरी-तिसरी-चौथीचे पोट्टे, पण नाटक जुनं, राजाराणीचं, गाण्यासकट. मोठ्यायनं करावं तसं. भैय्याजीनं सायकलच्या कॅरिअरले पेटी बांधली. सफेदा, पिवडी, लाल हिंगूळ, काजळ, खोबरेलाची शिशी. बायकोले म्हणे, "सकाळी येतो." अन् निघाला.

पण थांबा, थोडं मागचं सांगितलं पाह्यजे. नाई त तुमाले समजणार नाई.

दिवाळीनंतर तालमी चालू होत्या. मास्तर होते प्रभाकरराव. मनानं चांगले, पण भित्रे. राणीचं काम त्यायनं जयवंताले देलं होतं. चौथीतली पोट्टी. तिच्या वस्तीनं वर्षभराआधीच बौद्ध धर्म घेतला होता. आवाज असा, की पार मागच्या भिंतीले टेकून बसलेल्यालेही शब्द न शब्द ऐकू ये. एक दिवस मास्तरनं भैय्याजीले बलावलं, कोणाले कसा रंग शोभते हे पाहाले. राजा रंगला. प्रधान रंगला. मंग जयवंता स्टुलावर येऊन बसली. डोळे मिटले, तोंड वर केलं, अन् वाट पाहात राह्यली.

भैय्याजीले माहीत होतं, पोट्टी कोणत्या वस्तीतली. त्याच्या मनात आलं, उद्या पाटलाच्या घरचे म्हणतीन, हाच हात आमच्या लेकराच्या तोंडाले लावतं का? खरं बोलाची हिंमत नव्हती. त्यानं हातातला बोळा खाली ठेवला अन् म्हणे, "मास्तर, हिच्या तोंडावर रंग बसत नाई."

लावून न पाह्यताच!

सारे पोट्टे फिदीफिदी हसले. जयवंतानं डोळे उघडले. गालाले हात लावून पाह्यला. गाल कोरडा. मास्तरले सारं समजलं होतं. तेही खाली पाहून राह्यले. दुसऱ्या दिवशी राणीचं काम तिच्याच वर्गातल्या वच्छलाले गेलं. जयवंता दोन-चार दिवस तालमीत मागं बसली, मंग तेही बंद झालं.

त आता अवसेची रात.

शाळेच्या एका खोलीत गॅसबत्ती लावली होती. भैय्याजीनं एकेक लेकरू रंगवलं. शेवटची वच्छला. तिले हिंगूळ लावला, घंटा झाली, अन् सारे पोट्टे स्टेजकडं धावले. मास्तरही गेले. गॅसबत्ती तेवढी तिकडं उचलून नेली. खोलीत एक घासलेटची चिमणी राह्यली. बाहेर नांदी सुरू झाली. भैय्याजी पाठमोरा बसून शिश्यायची बुचं लावून राह्यला होता.

स्टूल वाजलं.

त्यानं मागं पाह्यलं. जयवंता बसली होती. डोळे मिटलेले. तोंड वर.

तो भ्यायला नाई. मले म्हणे, "अण्णाजी, मले भेव नाई वाटलं. मले शरम वाटली." त्याले वाटलं, मास्तरनं हिले लहानसं काम देलं असन. त्यानं दाराकडं पाह्यलं. दारात कोणी नव्हतं. कोणी पाहून नव्हतं राह्यलं... म्हणून त्यानं बोळा उचलला. अन् याचीच त्याले मरेपर्यंत जास्त शरम वाटली. कोणी पाहत नव्हतं, म्हणून!

बोळा फिरवला. रंग बसेना. सफेदा लागे अन् ओघळून जाये. दगडावरून पाणी जाते तसा. पुन्हा लावला. पुन्हा ओघळला. शेवटी त्यानं बोळा फेकला अन् तळहातावर सफेदा घेतला. तो हात तिच्या गालावर ठेवला.

थंड.

पौषात रातभर बाहेर राह्यलेल्या पाण्याच्या पितळी गुंडासारखा थंड.

अन् रंग बसला.

त्याचा हात थांबला नाई. कपाळ. हनुवटी. ओठावर हिंगूळ. त्याच्या ध्यानात आलं... आपला हात तिच्या नाकाखाली आहे. अन् हाताले श्वास लागून नाई राह्यला...

बाहेर नांदी संपली. टाळ्या झाल्या.

तिनं डोळे उघडले.

"बसला का जी रंग?"

"बसला, माय," भैय्याजी म्हणे. "बसला..."

ती उठली. स्टेजकडं नाई गेली. मागच्या दारानं गेली. अंधारात.

...

नाटक झाल्यावर त्यानं मास्तरले विचारलं, "जयवंताले कोणतं काम देलं होतं?"

प्रभाकरराव बाकावर बसले. म्हणे, "भैय्याजी, ती मार्गशीर्षात गेली. तापानं. मी तिच्या मातीलेही नाई गेलो. कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

भैय्याजी रातभर त्याच खोलीत बसून राह्यला. उजाडल्याबरोबर वस्तीत गेला. जयवंताची माय, कुंताबाई, अंगणात उभी होती. खांद्यावरचा पदर चोळून चोळून ओला केलेला. हा समोर जाऊन उभा राह्यला.

"बाई, मी... रंगवाला. पुलगावचा. माझ्यानं तुमच्या पोरीचा..."

मान वर होईना.

कुंताबाई रागावली नाई. रडलीही नाई. म्हणे, "तुमीच होय का थे? बरं झालं आले. तुमालेच समजन."

अन् तिनं खांद्यावरचा पदर त्याच्यापुढं केला.

"नाटकाले मी गेली नाई. लवकर निजली. उठून पाह्यते त हे. तीनदा धुतलं, निघून नाई राह्यलं. हे कायचं होय जी?"

सफेदा होता. लहानशा गालाएवढा. त्याच्याखाली हिंगुळाची एक बारीक रेघ... बरोबर खांद्यावर. निजलेलं लेकरू जिथं तोंड टेकवते, तिथं.