मूठ नसलेली दोरी

सोसायटीच्या गवत कापायच्या मशीनची स्टार्टरची दोरी तुटली होती. दुकानवाला चार दिवस लावणार, म्हणून रविवारी चहा झाल्यावर मी ते काम घरीच काढलं. पंचवीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्सला होतो. एका दोरीसाठी कोणाच्या मिनतवाऱ्या करायची मला सवय नाही.

दोरी तुटली खंडेनवमीला. आमचा माळी परशुराम, राई गावचा, म्हातारा. सकाळीच त्याने मशीन धुऊन, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली होती.

"आज न्हाय चालवायची, सायेब. पूजा केलेली हाय."

"संध्याकाळी लॉनवर कार्यक्रम आहे. पूजा तुझ्या घरी कर." मी माळ ओढून काढली.

तो कामाला लागला. थोड्या वेळाने पात्यात गवत अडकलं आणि मशीन बंद पडलं. तो वाकून, आत हात घालून गवत काढत बसला. त्याचा तो संथपणा मला बघवेना. मी दोरी ओढली. मशीन सुरू झालं आणि दोरी तुटून माझ्या हातात आली.

त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारची दोन बोटं गेली. मशीन त्यानेच चालू केलं, असं मी कमिटीला सांगितलं. "हरिश्चंद्रराव म्हणतात म्हणजे तसंच असणार," चेअरमन जितेंद्र शाह म्हणाले. परशुरामला कामावरून काढलं.

त्या रविवारी हॉलमध्ये पेपर पसरून मी स्टार्टरचं झाकण उघडलं. स्प्रिंग काढून कागदावर ठेवली. नवी नायलॉनची दोरी कापली, टोक लायटरने वितळवलं, पुलीवर गुंडाळली. मूठ अजून लावायची होती, म्हणून मोकळं टोक तीन बोटांना वेढून ओढून पाहिलं. पुली छान फिरत होती.

समोर मनोरमा वाल सोलत होती. "मार्केटात परशुरामची बायको भेटली," ती म्हणाली. "म्हणते, दोरी तुम्ही ओढलीत."

"खोटं आहे. त्यानेच ओढली."

दोरी वीतभर आत गेली. करंगळीवरचा वेढा आवळला.

स्प्रिंगचा ताण, मी मनात म्हटलं. मग कागदाकडे पाहिलं. स्प्रिंग तिथेच पडली होती.

"अहो, बोट निळं पडतंय! नावाला तरी जागा. खरं सांगा."

"सांगितलं ना, त्यानेच!"

दुसरं बोट.

तिने कात्री आणली. पाती दोरीवरून नुसती घसरत राहिली. खोलीत झेंडूचा वास येत होता.

"एकदा म्हणा, मी ओढली." मनोरमा रडत होती. "तुमच्या पाया पडते."

दोरी सैल झाली. अगदी थोडी. ती थांबली होती, ऐकत होती, हे मला स्पष्ट कळलं. खूप भीती वाटली. पण जितेंद्रभाईंचं तोंड डोळ्यांपुढे आलं.

"त्यानेच," मी म्हणालो.

डॉक्टरांनी तीन बोटं काढली. मनोरमा तिच्या बहिणीकडे गेली आहे. माझा फोन घेत नाही. मशीन खाली मीटररूममध्ये कुलपात आहे.

परशुरामच्या मुलाने तक्रार केली आहे. उद्या पोलीस जबाब घ्यायला येतील. मी तेच सांगणार. डाव्या हाताने सही करायचा सराव करतोय.

आज सकाळी डाव्या करंगळीभोवती एक बारीक, लाल वळ दिसला. मी त्यावर पट्टी लावली आणि सही पुन्हा गिरवायला घेतली.